वाचकांचे प्रश्न : समुद्रापलीकडून आलेला शिधा

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रेशनिंगविषयी गेल्या अंकात लेख प्रसिद्ध झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख परदेशातून दान म्हणून आलेल्या अन्नावर आहे. ते कोणी पाठवले, कशासाठी पाठवले आणि ते खरोखर उपाशी माणसाच्या पानात पडले का, असे या पत्रांतील प्रश्न आहेत. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून सदराच्या प्रथेप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी जपानमध्ये राहते. तेथील शाळांत मुलांना दुपारचे जेवण मिळते आणि ती पद्धत युद्धानंतर अमेरिकेतून दान आलेल्या दुधावर सुरू झाली, असे तिने कळवले. ज्या देशाने दोन शहरांवर अणुबाँब टाकले, त्याच देशातील लोकांनी वर्षभरात दूध पाठवावे, हे मनाला पटत नाही. खरे काय आहे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या कन्येने कळवलेली माहिती बरोबर आहे, मात्र तिला दोन पुरवण्या जोडाव्या लागतील. पहिली अशी, की जपानमध्ये शाळेत जेवण देण्याची सुरुवात १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे झालेली होती. तेथील बौद्ध मठाच्या आवारातील शाळेत गरिबांच्या मुलांना भाताचे गोळे आणि खारवलेली मासळी देत असत. १९४६ मध्ये सुरू झाले ते त्याचे देशव्यापी रूप. दुसरी पुरवणी दात्यांविषयी आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे, पण तिच्याकडे वळण्यापूर्वी त्या वेळची परिस्थिती पाहिली पाहिजे.

जपान शरण आला त्या वर्षी, म्हणजे १९४५ साली, भाताचे पीक नेहमीच्या दोन तृतीयांशांच्या आसपासच हाती आले. कोरिया आणि तैवान या वसाहतींतून येणारा तांदूळ बंद झाला होता, आणि त्याच वेळी परमुलखांतून परतणाऱ्या सैनिकांचा व रहिवाशांचा जो ओघ सुरू झाला, त्याची एकूण संख्या पुढे साठ लाखांच्या घरात गेली. प्रौढ माणसाचा रोजचा शिधा तीनशे ग्रॅमहून किंचित कमी धान्याचा होता. तोही वेळेवर मिळत नसे, आणि तांदळाऐवजी पुष्कळदा रताळी किंवा इतर काही पदरात पडे. शहरातील माणसे आगगाडीने खेड्यात जाऊन किमोनोच्या बदल्यात धान्य आणू लागली. बांबूच्या कोंबाचे एकेक साल सोलावे तसे घरातील एकेक वस्त्र विकून दिवस काढण्याच्या या रीतीला तेथील लोकांनी कोंबाचेच नाव दिले होते. मे १९४६ मध्ये राजवाड्यासमोर अन्नाच्या मागणीसाठी प्रचंड जमाव लोटला. टोकियोच्या जिल्हा न्यायालयातील यामागुची योशिताडा या न्यायाधीशांसमोर काळ्या बाजाराचे खटले चालत. आपण स्वतःही काळ्या बाजारातील अन्न खायचे नाही, असा निश्चय त्यांनी केला, केवळ शिध्यावर राहिले आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी मरण पावले. सरकारमान्य शिध्यावर माणूस जगू शकत नव्हता, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

आता दात्यांविषयी. अमेरिकेतील तेरा धार्मिक, सामाजिक व कामगार संस्थांनी १९४६ मध्ये एकत्र येऊन 'लारा' नावाची यंत्रणा उभी केली. आशियात मदतकार्य करण्याचा परवाना मिळालेल्या संस्थांचा हा संघ होता. त्यात क्वेकर पंथीय, प्रॉटेस्टंट चर्चचा संघ, कॅथलिक मदतसंस्था इत्यादी होत्या. क्वेकर हा युद्धालाच विरोध करणारा पंथ. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी जर्मनीतील लाखो मुलांना जेवण दिले होते. त्यामुळे पराभूत शत्रूच्या मुलांना खाऊ घालणे ही त्यांच्या दृष्टीने नवी गोष्ट नव्हती.

पण 'लारा'च्या मदतीतील जवळपास पाचवा हिस्सा जपानी वंशाच्या लोकांनी दिलेला होता, असे जपानमधील नोंदी सांगतात, आणि ही बाब बहुतेकांना ठाऊक नसते. अमेरिकेत युद्धकाळात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना छावण्यांत डांबण्यात आले होते. त्यांपैकी बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. सुटका झाल्यावर अनेकांची दुकाने, शेते आणि घरे गेलेली होती. अशा माणसांनी १९४६ च्या सुरुवातीपासून वर्गणी गोळा करायला प्रारंभ केला. सॅन फ्रान्सिस्कोतील पत्रकार असानो शिचिनोसुके यांचा त्यात पुढाकार होता. कॅनडा, ब्राझील आणि अर्जेंटिना येथील जपानी वसाहतींतूनही मदत आली. शत्रूराष्ट्राला परस्पर काही पाठवण्याची मुभा नसल्याने हा सारा ओघ 'लारा'च्या एकाच वाटेने वळवावा लागला. म्हणून ज्याला आपण सरसकट अमेरिकन दान म्हणतो, त्यात नातलगांनी नातलगांना पाठवलेल्या शिध्याचा भाग लक्षणीय होता. आपल्याला न पटणारी गोष्ट बरीचशी येथे उलगडते.

'लारा'चे पहिले जहाज, 'हॉवर्ड स्टॅन्सबरी', ३० नोव्हेंबर १९४६ रोजी योकोहामा बंदरात लागले. त्यानंतर चोवीस दिवसांनी, २४ डिसेंबरला, टोकियोतील नागाताचो येथील शाळेत शालेय भोजनाचा आरंभ समारंभपूर्वक झाला. जानेवारी १९४७ पासून मोठ्या शहरांतील सुमारे तीस लाख मुलांना ते मिळू लागले. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी लष्करी प्रशासनातील आरोग्य विभागाचे प्रमुख क्रॉफर्ड सॅम्स यांनी या योजनेसाठी आग्रह धरला होता, आणि जपानी सैन्याच्या गोदामात उरलेले डबाबंद पदार्थही तिच्यासाठी मोकळे करण्यात आले. 'लारा'चे काम १९५२ पर्यंत चालले. तोवर १६,००० टनांहून अधिक माल आला, त्यात बहुतांश अन्न, शिवाय कपडे, औषधे आणि सुमारे दोन हजार शेळ्यासुद्धा होत्या. शेळ्या पाठवण्यामागचा विचार शहाणपणाचा होता. दुधाची भुकटी संपते, शेळी मात्र दूध देत राहते आणि तिला करडेही होतात.

प्रश्न : मुलांना ते दूध आवडत होते का? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : बहुतेकांना आवडत नव्हते. ते साय काढलेल्या दुधाच्या भुकटीचे, गरम पाण्यात कालवलेले दूध असे, आणि त्याचा वास त्या पिढीतील लोक अजूनही विसरलेले नाहीत. अनेक जण नाक दाबून पीत. जपानी आहारात दुधाची सवय मुळात फारशी नव्हती. पण दान देणाऱ्याकडे जे साठवणीत असते आणि जहाजात टिकते तेच येते, घेणाऱ्याच्या जिभेचा विचार त्यानंतर होतो. त्यातही साय काढलेले दूधच आले, कारण लोण्याला अमेरिकेत गिऱ्हाईक होते आणि लोणी काढल्यावर उरलेल्या दुधाला तितके नव्हते. प्रथिने मात्र त्या उरलेल्या दुधातच राहतात, त्यामुळे वास कसाही असला तरी मुलांच्या वाढीसाठी ते उपयुक्तच ठरले. १९४९ पासून युनिसेफनेही अशीच भुकटी पुरवली आणि १९६४ पर्यंत जपान युनिसेफची मदत घेत होता.

प्रश्न : 'केअर पॅकेट' हा शब्द जुन्या जर्मन लोकांच्या तोंडी फार ऐकला आहे. त्या खोक्यात नेमके काय असे आणि त्याचे पैसे कोण भरत असे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : 'केअर' ही संस्था २७ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेतील २२ संस्थांनी मिळून स्थापन केली. तिची कल्पना साधी होती. अमेरिकेतील माणसाने संस्थेकडे पैसे भरायचे, युरोपातील कोणाला खोके द्यायचे त्याचे नाव-पत्ता द्यायचा, आणि संस्थेने ते पोहोचवून घेणाऱ्याची सही असलेली पोच दात्याला परत आणून द्यायची. आरंभी त्याची किंमत १५ डॉलर होती, नंतर ती १० डॉलर झाली. त्या वेळच्या विनिमयदराने दहा डॉलर म्हणजे सुमारे तेहतीस रुपये.

पहिली खोकी संस्थेने स्वतः बांधलेली नव्हती. जपानवर स्वारी करायची म्हणून अमेरिकी लष्कराने दहा सैनिकांना एक दिवस पुरेल अशा शिध्याच्या पेट्या मोठ्या प्रमाणावर तयार करून ठेवल्या होत्या. जपान शरण आल्याने ती स्वारी झालीच नाही आणि पेट्या गोदामात पडून राहिल्या. 'केअर'ने त्या विकत घेतल्या. पहिली खेप ११ मे १९४६ रोजी फ्रान्समधील ल हाव्र बंदरात उतरली, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ब्रेमेनमार्गे जर्मनीतही खोकी येऊ लागली. एका पेटीत साधारण ४०,००० कॅलरी असत. अमेरिकी ताब्यातील जर्मनीत प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १,५५० कॅलरींचा शिधा ठरवलेला होता आणि प्रत्यक्षात तेवढाही मिळत नसे. विजेत्या राष्ट्रांनी जर्मनी आपापसांत विभागांत वाटून घेतला होता, त्यांपैकी ब्रिटिश विभागात १९४६ च्या वसंतात तो हजारापर्यंत खाली आला होता. म्हणजे अमेरिकी विभागातील ठरलेल्या शिध्याच्या हिशेबाने एका खोक्यात एका माणसाचा सव्वीस दिवसांचा शिधा सामावलेला होता, आणि तोही शिधापत्रिकेवरील हक्कातून वजा न होता.

लष्करी पेट्या संपल्यावर संस्था स्वतः खोकी भरू लागली. त्यांत रश्श्यातील गोमांस, खारवलेले गोमांस, डुकराचे मांस, यकृताचा वडीसारखा डबाबंद पदार्थ, दोन पौंड मार्गारिन, एक पौंड चरबी, मुरंबा, मध, बेदाणे, चॉकलेट, दोन पौंड साखर, अंड्यांची भुकटी, दोन पौंड सायीच्या दुधाची भुकटी आणि दोन पौंड कॉफी असे. स्निग्ध पदार्थांना त्यात एवढी जागा का दिली असेल, असा प्रश्न आज पडेल. त्या काळात युरोपात धान्याहूनही अधिक टंचाई चरबीची होती, आणि थोड्या वजनात अधिक शक्ती पाठवायची तर चरबीसारखे दुसरे साधन नव्हते. पुढे यहुदी कुटुंबांसाठी त्यांच्या आहारनियमांनुसार वेगळे खोके निघाले, ब्रिटनसाठी चहा घातला जाऊ लागला, आणि आशियात पाठवताना तांदळाला जागा मिळाली. घेणाऱ्याच्या आवडीचा विचार करण्याइतकी उसंत संस्थेला आली, ती एवढ्या उशिरा.

जर्मनीत १९६० पर्यंत जवळपास एक कोटी खोकी पोहोचली. सोव्हिएत विभागात मात्र ही संस्था काम करू शकली नाही. एकच पिढी, एकच भाषा आणि तीच उपासमार, तरीही लाइपझिगमधील माणसाच्या आठवणीत हे खोके सहसा सापडत नाही आणि फ्रँकफुर्टमधील माणूस त्यातल्या कॉफीचा वास अजून सांगतो.

प्रश्न : असा माल काळ्या बाजारात जात नसेल यावर विश्वास कसा ठेवायचा? आपल्याकडचे अनुभव सर्वांना ठाऊक आहेत. (एक वाचक, मुंबई)

उत्तर : आपली शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर 'हो' आणि 'नाही' असे दोन्ही द्यावे लागेल. वाटेतील चोरीला आळा घालण्यासाठी 'केअर'कडे सही केलेली पोचपावती हे साधे पण जबरदस्त साधन होते. खोके चोरीस गेले तर पोच येत नसे, आणि पोच आली नाही तर पैसे भरलेला माणूस अमेरिकेतून विचारणा करी. सरकारी यंत्रणेतून जाणाऱ्या धान्याच्या पोत्यामागे असा विचारणारा कोणी नसतो. जर्मनीत वाटपाचे काम कारितास ही कॅथलिक संस्था, प्रॉटेस्टंट चर्चची मदतसंस्था, कामगार चळवळीतील कल्याणसंस्था अशा मंडळींकडे होते. या संस्था गल्लीगल्लीत पोहोचलेल्या होत्या आणि कोणाच्या घरी काय आहे हे त्यांना माहीत असे. जपानमध्ये 'लारा'ने आपले तीन प्रतिनिधी टोकियोत ठेवले. क्वेकर एस्थर रोड्स त्यांपैकी एक होत्या. माल सरकारच्या आरोग्य व कल्याण मंत्रालयामार्फत जाई, पण तो अनाथाश्रम, क्षयरोग्यांची रुग्णालये, वृद्धाश्रम, पाळणाघरे आणि शाळा यांनाच मिळेल, तो नेहमीच्या शिध्याच्या वर मिळेल आणि धर्म वा पक्ष पाहून दिला जाणार नाही, या अटी होत्या. प्रतिनिधी प्रत्यक्ष जाऊन पाहणी करीत.

शिजवलेले अन्न हा आणखी एक उपाय. १९४७ च्या वसंतात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या शिफारशीवरून जर्मनीच्या ब्रिटिश व अमेरिकी विभागांत शाळकरी मुलांना रोज सुमारे ३५० कॅलरींचे एक गरम जेवण मिळू लागले. सुमारे पस्तीस लाख मुले घरून डबा व चमचा आणून ते शाळेतच खात. वाटाण्याच्या आमटीचा काळाबाजार करता येत नाही.

दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. घरी पोहोचलेल्या खोक्यातील कॉफी आणि सिगारेटी पुष्कळांनी बाजारात बदलल्या. (लष्करी पेट्यांत सिगारेटी असत.) जून १९४८ मध्ये नवे चलन येईपर्यंत जर्मनीत सिगारेट हेच खरे चलन होते आणि कॉफी त्याहून वरची नोट होती. एखाद्या आईने कॉफीच्या बदल्यात कोळसा आणि बटाटे मिळवले, तर त्याला मी गैरवापर म्हणणार नाही. १९४६-४७ चा हिवाळा इतका कडक होता की कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी वर्षअखेरच्या प्रवचनात, जीव वाचवण्यासाठी अत्यावश्यक ते अन्य मार्गाने मिळत नसेल तर घेण्यास मोकळीक असल्याचे सांगितले, आणि लोकांनी त्यांच्या नावावरून कोळसा उचलण्याला एक क्रियापदच बनवले. त्या हिवाळ्यात एक पौंड कॉफीचा उत्तम उपयोग ती पिणे हा नव्हता.

प्रश्न : हे सारे खरोखर दान होते, की अमेरिकेला आपले जादा धान्य खपवायचे होते? आम्ही महाविद्यालयात दुसरेच शिकलो. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे लोक वर्ष न सांगता वाद घालतात, आणि गोंधळ तेथेच होतो. १९४६ मध्ये अमेरिकेकडे जादा धान्य नव्हते. जगभर गव्हाची टंचाई होती. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी फेब्रुवारीत लोकांना कमी खाण्याचे आवाहन केले आणि गिरण्यांना गव्हाच्या वजनाच्या ८० टक्के पीठ, म्हणजे थोड्या कोंड्यासकट, काढण्याचा आदेश दिला, त्यामुळे अमेरिकन पाव काळपट झाला आणि लोकांनी त्यावर टीका केली. ऑक्टोबर १९४७ मध्ये मंगळवारी मांस आणि गुरुवारी अंडी व कोंबडी वर्ज्य करण्याचे आवाहन झाले. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्यास सांगितले होते, ते आठवणाऱ्या वाचकांना यातील भाव कळेल. लष्कराच्या पेट्या शिलकी होत्या हे खरे, पण ती युद्धाच्या अंदाजातली शिल्लक होती, शेतातली नव्हे.

शिवाय आरंभी अमेरिकी धोरण जर्मनीला मदत करण्याच्या विरुद्धच होते. ४४ राष्ट्रांनी १९४३ मध्ये स्थापलेल्या 'उन्रा' या मदतसंघटनेच्या कक्षेतून जर्मनी आणि जपानचे सामान्य नागरिक वगळलेले होते. जर्मनीत खासगी मदत पाठवण्यावरची बंदी १९४६ मध्ये उठली, तीही चर्चसंस्था आणि लोकप्रतिनिधींनी सतत मागणी केल्यावर. ब्रिटनमध्ये प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी तर, आमच्या शिध्यातून वाचवून आम्हाला जर्मनांना पाठवू द्या, अशी चळवळ चालवली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस सरकारला ती परवानगी द्यावी लागली. स्वतः रेशनवर असलेल्या आणि बाँब झेललेल्या लोकांची ही मागणी होती. तिला माल खपवणे म्हणता येणार नाही.

१९५४ साली चित्र पालटते. अमेरिकेची कोठारे भरून वाहू लागली होती आणि त्या वर्षीच्या जुलैत शिलकी धान्य परदेशांना देण्याविषयीचा 'पी.एल. ४८०' (पब्लिक लॉ ४८०) हा कायदा झाला. त्याच्या उद्देशांतच शिलकी मालाची विल्हेवाट आणि नव्या बाजारपेठा यांचा उघड उल्लेख होता, कोणी काही लपवले नव्हते. जपानमध्ये १९५६ पासून गव्हाचे पदार्थ शिकवणाऱ्या स्वयंपाकाच्या फिरत्या गाड्या गावोगाव हिंडल्या, त्यांचा खर्च अमेरिकेतील गहू उत्पादकांच्या प्रचारनिधीतून झाला. शाळेत दुधाबरोबर पाव खाल्लेली मुले मोठी होऊन पावाची गिऱ्हाईके झाली. म्हणून आपण महाविद्यालयात शिकलात ते चूक नाही, पण ते १९५४ नंतरचे आहे आणि १९४६ ला लावता येणार नाही. 'लारा'ची भुकटी आणि 'पी.एल. ४८०'ची भुकटी एकाच कारखान्यातून निघालेली असेलही. तिच्यामागचे हेतू वेगळे होते.

प्रश्न : ब्रिटन तर युद्ध जिंकला होता. त्यालाही परदेशातून खोकी आली का? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : आली, विशेषतः ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा आणि अमेरिकेतून. युद्धकाळात कधीच रेशनवर नसलेला पाव ब्रिटनमध्ये जुलै १९४६ ते जुलै १९४८ या काळात रेशनवर आला, आणि मांसावरचे नियंत्रण जुलै १९५४ मध्ये उठले. पश्चिम जर्मनीतील रेशनिंग १९५० मध्येच संपले होते. विजेत्या देशातील गृहिणी त्यामुळे चिडल्या असतील तर नवल नाही. १९४७ मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाला ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड सरकारने आहेर म्हणून पाठवले ते डबाबंद अननस, ५०० पेट्या.

प्रश्न : आमच्या लहानपणी शाळेत दुधाची भुकटी येत असे आणि रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळत असे. डब्यांवर 'केअर'चे नाव वाचल्याचे आठवते. ही तीच संस्था का? आणि मिलो आम्हाला फुकट मिळाली होती का? (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : संस्था तीच. युरोपातील गरज कमी होऊ लागली तसे 'केअर'ने १९४८ पासून आशियाकडे लक्ष वळवले आणि १९५० च्या सुमारास भारतात काम सुरू केले. नंतरच्या काळात तिच्यामार्फत अनेक राज्यांतील शाळांत दुधाची भुकटी, जाडा भरडा गहू आणि मका-सोयाबीन-दूध यांचे मिश्रण येत असे. पोत्यांवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आणि 'अमेरिकी जनतेकडून दान, विक्री वा अदलाबदल करू नये' अशा अर्थाचा मजकूर असे. शाळेत मिळालेले ते अन्न खरोखर दान होते.

मिलोची गोष्ट निराळी. रेशनच्या दुकानात मिळालेला अमेरिकन गहू आणि मिलो यांचा मोठा भाग 'पी.एल. ४८०'च्या विक्रीच्या तरतुदीखाली आला. भारत सरकार त्याचे पैसे रुपयांत देत असे आणि ते येथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत. या व्यवहारातील सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे झाला, आणि त्यावर अमेरिकेच्या वतीने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी आणि भारताच्या वतीने अन्नमंत्री, आपल्या मुंबईचे स. का. पाटील यांनी सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ, असा तो करार होता. साठलेल्या रुपयांचा डोंगर एवढा झाला की फेब्रुवारी १९७४ मध्ये अमेरिकेने त्यातील १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला परत देऊन तो हिशेब मिटवला. १९७२-७३ च्या दुष्काळापर्यंत 'पी.एल. ४८०'ची सवलत संपलेली होती, त्या वेळची मिलो बाजारातून विकत आणलेली होती. तिची भाकरी थापताना चिरत असे आणि ती खाणाऱ्यांची नाराजी प्रामाणिक होती, पण भिकेचे धान्य म्हणून ती हिणवली गेली, हे वस्तुस्थितीला धरून नव्हते.

याच संदर्भात एका वाचकाने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाविषयी विचारले आहे. 'उन्रा'ची स्थापना त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये झाली, भारत तिचा सभासद होता आणि त्याने वर्गणीही दिली, पण बंगालमधील भुकेल्यांना त्या संघटनेकडून अन्न मिळाले नाही. हा विषय मोठा आहे. त्यासाठी स्वतंत्र लेख लागेल.

प्रश्न : जपान आणि जर्मनी पुढे श्रीमंत झाले. त्यांनी हे ऋण फेडले का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : येथे दोन प्रकारची मदत वेगळी काढली पाहिजे. अमेरिकी सरकारने ताब्यातील प्रदेशांत रोगराई आणि अशांतता माजू नये म्हणून लष्कराच्या निधीतून जे धान्य आणले, ते परिमाणाने खासगी दानाच्या कितीतरी पट होते. जपानमध्ये अनेकांची समजूत अशी होती की तेही दानच आहे. पण अमेरिकेने त्याला कर्ज मानले आणि वाटाघाटींनंतर जानेवारी १९६२ मध्ये जपानने ४९ कोटी डॉलर हप्त्यांनी परत करण्याचे मान्य केले. दान समजून खाल्लेल्या अन्नाचे पैसे का द्यायचे, असा सवाल जपानच्या संसदेत विरोधकांनी केला. पश्चिम जर्मनीचा युद्धोत्तर मदतीचा हिशेब १९५३ च्या लंडन करारात बराच कमी करून ठरवण्यात आला.

'लारा' आणि 'केअर' यांनी दिलेल्या अन्नाचे बिल मात्र कोणीच पाठवले नाही. १९८० मध्ये पश्चिम जर्मनीत 'केअर'ची स्वतंत्र शाखा निघाली आणि ती इतर देशांत मदत पाठवू लागली. जपानमध्ये शालेय भोजनाचा कायदा १९५४ साली झाला. आपल्या देशातील मुलांच्या दुपारच्या जेवणाची जबाबदारी त्या सरकारने तेव्हापासून स्वतःकडे घेतली.